बिनीचे खेळाडू विकून संघ उभा राहतो का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. मुलगा नोकरीनिमित्त शिकागोला असतो आणि त्याच्यामुळे मला उतारवयात बेसबॉलचा नाद लागला. शिकागोत संध्याकाळी सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे पाच-साडेपाचला लागतो, तेव्हा पहिला चहा आणि व्हाइट सॉक्सचा पहिला डाव असा आता माझा दिनक्रमच झाला आहे. या संघाने २०२४ साली १६२ पैकी १२१ सामने गमावले आणि त्यावर कडी म्हणजे हंगाम संपल्यावर गॅरेट क्रोशे हा आपला सर्वांत चांगला पिचर (चेंडूफेक करणारा) बोस्टनला देऊन टाकला. मुलगा म्हणतो, ‘बाबा, हेच बरोबर आहे, सगळे विकून नव्याने सुरुवात केली पाहिजे.’ मी आयुष्यभर शिकवण्याचे काम केले. हुशार मुले शेजारच्या शाळेत पाठवून आपल्या शाळेचा दहावीचा निकाल सुधारल्याचे मी कधी पाहिले नाही. शिवाय हाच प्रयोग या संघाने पूर्वीही एकदा केला होता, असे ऐकतो. मग चांगला खेळाडू विकून संघ चांगला होतो या म्हणण्यात काही तथ्य आहे का, की मालकाने खर्च वाचवण्यासाठी शोधलेली ती एक पळवाट आहे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : गुरुजी, आपल्या घरातील वादात मी क्रोशेपुरता आपल्या चिरंजीवांच्या बाजूने आहे आणि व्हाइट सॉक्सच्या मालकांपुरता आपल्या बाजूने. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, ते थोडे सविस्तर सांगतो.

शाळेतील हुशार मुलगा दहावीपर्यंत आपलाच असतो आणि त्याने मिळवलेले गुण शाळेच्या नावावर जमा होतात. बेसबॉलमध्ये मात्र एखादा खेळाडू किती वर्षे आपल्याकडे राहणार, हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत, आल्यापासून सहा हंगाम पूर्ण होईपर्यंत तो आपल्या क्लबला बांधलेला असतो. त्यांपैकी पहिली साधारण तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास पगार मिळतो, पुढची तीन वर्षे लवादाच्या पद्धतीने तो पगार वाढत जातो, आणि सहा वर्षे सरली की तो मोकळा होऊन सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याकडे जाऊ शकतो. २०२४ साली हे किमान वेतन ७ लाख ४० हजार डॉलर होते. आपल्याला ही रक्कम डोळे दिपवणारी वाटेल, पण मोकळा झालेला उत्तम खेळाडू वर्षाला तीन-चार कोटी डॉलर घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे तरुण खेळाडूवर क्लब का टपलेले असतात ते कळते. आपण ‘विकला’ म्हणतो, पण या व्यवहारात सहसा रोख रक्कम हा मुख्य मोबदला नसतो. एक नावाजलेला खेळाडू द्यायचा आणि त्याच्या बदल्यात तीन-चार होतकरू पोरे घ्यायची, ज्यांतील काहींनी मेजर लीगचे मैदान पाहिलेलेही नसते. म्हणजे संघ खरोखर देतो ती त्या खेळाडूची उरलेली वर्षे.

क्रोशेची दोन वर्षे उरली होती, २०२५ आणि २०२६. जो संघ नुकताच १२१ सामने हरला आहे, तो पुढच्या दोन वर्षांत अजिंक्यपदासाठी झुंजेल असे त्या संघाच्या मालकालाही वाटत नसणार. मग ती दोन वर्षे व्हाइट सॉक्सच्या काय कामाची होती? सत्तर सामन्यांऐवजी कदाचित पंचाहत्तर जिंकले असते, आणि त्यानंतर क्रोशे निघून गेला असता. बोस्टनला त्या दोन वर्षांची किंमत फार मोठी होती, म्हणून त्यांनी काइल टील या तरुण कॅचरसह चार खेळाडू दिले. ज्या वस्तूचा आपल्याला उपयोग नाही आणि दुसऱ्याला ती निकडीने हवी आहे, ती देण्यात गैर काही नाही. इथवर चिरंजीवांचे म्हणणे मला पटते.

आता पूर्वीच्या प्रयोगाबद्दल, कारण खरा धडा तिथे आहे आणि मला तो प्रसंग पुनःपुन्हा उगाळावासा वाटतो. व्हाइट सॉक्सने २००५ साली अजिंक्यपद मिळवले आणि नंतर हळूहळू त्यांचा संघ ना धड वर, ना धड खाली अशा अवस्थेत रेंगाळू लागला. जून २०१६ मध्ये, आपण अजूनही स्पर्धेत आहोत अशा समजुतीने, त्यांनी जेम्स शील्ड्स हा उतरणीला लागलेला पिचर सॅन डिएगोकडून घेतला आणि बदल्यात दोन पोरे दिली. त्यांतला एक सतरा वर्षांचा होता आणि त्याचे नाव फर्नांडो टाटिस ज्युनियर. पुढे २०२१ साली याच टाटिसने ४२ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारून नॅशनल लीग या मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीत पहिला क्रमांक पटकावला. शील्ड्स आला, त्याचे चेंडू मैदानाबाहेर जात राहिले, संघ हरत राहिला, आणि अवघ्या सहा महिन्यांनी त्याच व्यवस्थापनाने तोंड फिरवून सगळे विकायला काढले. दिशा ठरवण्यास सहा महिने उशीर झाला की काय किंमत मोजावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी क्रिस सेल हा पिचर बोस्टनला दिला आणि योआन मोंकाडा व मायकेल कोपेक यांच्यासह चार खेळाडू घेतले. दुसऱ्याच दिवशी अॅडम ईटन वॉशिंग्टनला देऊन लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग हे तीन पिचर आणले. जुलै २०१७ मध्ये होसे किंटाना शहरातल्याच प्रतिस्पर्धी कब्जला देऊन एलोय हिमेनेझ आणि डिलन सीझ मिळवले. मोंकाडा त्या वेळी साऱ्या कनिष्ठ खेळाडूंमध्ये अव्वल मानला जात होता. क्यूबाच्या लुइस रॉबर्टलाही त्यांनी करारबद्ध केले. कागदावर याहून चांगला सौदा क्वचितच कोणी केला असेल, आणि मी त्या वेळी त्याचे कौतुकच केले असते. सेलने २०१८ साली बोस्टनच्या अजिंक्यपदाचा शेवटचा बळी घेतला, ईटन २०१९ साली वॉशिंग्टनबरोबर अजिंक्य झाला. म्हणजे घेणाऱ्यांचेही भले झाले. २०१८ साली शंभर सामने हरण्याची कळ सोसल्यावर व्हाइट सॉक्सलाही फळ दिसू लागले. २०२० च्या छोट्या हंगामात ते प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, पोहोचले आणि २०२१ साली ९३ सामने जिंकून त्यांनी आपला विभाग जिंकला.

आणि तिथेच गाडी अडली. दोन्ही वर्षी पहिल्याच मालिकेत ते बाहेर पडले. २०२२ मध्ये ८१ विजय आणि ८१ पराभव, २०२३ मध्ये १०१ पराभव, आणि २०२४ मध्ये आपण पहाटे उठून पाहिलेला तो हंगाम, ज्यातील १२१ पराभवांनी १९६२ च्या न्यू यॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा आधुनिक काळातील विक्रम मोडला. मध्येच सलग २१ सामने हरण्याचा पराक्रमही त्यांनी केला.

काय चुकले? दुखापती होत्या, हे कबूल; पण दुखापती सगळ्यांच्याच वाट्याला येतात आणि ज्यांची दुसरी फळी पोसलेली असते ते त्यातून तरून जातात. व्हाइट सॉक्सने मोठे खेळाडू देऊन जी पोरे आणली त्यांच्या मागे कोणी उभेच केले नाही. त्यांच्या कनिष्ठ संघांतून नवे खेळाडू घडून येण्याचा ओघ आटलेलाच राहिला. त्याहून मोठी चूक म्हणजे पोरे वयात आल्यावर, घर बांधून झाले आणि आता फक्त छत घालायचे राहिले, अशा वेळी मालकांनी हात आखडता घेतला. २०१९ च्या आरंभी मॅनी मचाडोसाठी त्यांनी बोली लावली खरी, पण सॅन डिएगोने १० वर्षांसाठी ३० कोटी डॉलर देऊन त्याला नेले. व्हाइट सॉक्सच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठा करार म्हणून जो सांगितला जातो, तो जानेवारी २०२३ मधील अँड्र्यू बेनिंटेंडीचा साडेसात कोटी डॉलरचा. एवढी रक्कम आज मोठे क्लब दोन-तीन वर्षांत एका खेळाडूवर घालवतात. शिवाय २०२० च्या शेवटी मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्या पसंतीने ७६ वर्षांचे टोनी ला रुसा पुन्हा मॅनेजर म्हणून आले, ज्यांनी २०११ नंतर एकाही संघाची धुरा वाहिलेली नव्हती. ला रुसा यांची थोरवी मी नाकारत नाही; पण विशी-पंचविशीतल्या संघाला आपण कोणते मास्तर नेमतो आहोत, याचा विचार आपल्यासारख्या शिक्षकाने नक्कीच केला असता.

त्याच शहरातील कब्जशी तुलना करून पाहा. संघबांधणीचे प्रमुख थिओ एपस्टाइन यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या हंगामात, २०१२ साली, कब्ज १०१ सामने हरले. त्यांनीही हाती होते ते विकले. २०१३ साली स्कॉट फेल्डमन हा बेताचा पिचर बाल्टिमोरला देताना जेक अरिएटा मागून घेतला, ज्याने २०१५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. पण तरुण फलंदाज तयार होत आले आहेत असे दिसताच, डिसेंबर २०१४ मध्ये, त्यांनी जॉन लेस्टरला ६ वर्षांसाठी साडेपंधरा कोटी डॉलर मोजले. १९०८ नंतरचे पहिले अजिंक्यपद २०१६ साली आले ते या दोन्ही गोष्टी जुळल्यामुळे. म्हणून आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे माझे उत्तर असे आहे की, मालक खर्च वाचवत आहे की संघ उभारत आहे, हे विक्रीच्या वर्षी कळत नाही. ते चार वर्षांनी, पोरे पंचविशीला आल्यावर कळते. याला एक उघडानागडा अपवाद आहे. फ्लोरिडा मार्लिन्सने १९९७ साली अजिंक्यपद जिंकले आणि लगेच संघ मोडीत काढला, इतका की १९९८ मध्ये ते १०८ सामने हरले. जिंकणारा संघ मोडणे म्हणजे पुनर्बांधणी नव्हे, तो बाजार झाला.

ह्यूस्टन अॅस्ट्रोजचे नाव या चर्चेत नेहमी निघते, त्याबद्दल दोन शब्द. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत ते अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले आणि २०१७ साली अजिंक्य झाले. तेव्हापासून ‘हरत राहा, ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळवा, जिंका’ असे एक सूत्र लोकांच्या तोंडी बसले. (ड्राफ्ट म्हणजे नव्या तरुण खेळाडूंची दरवर्षी होणारी निवड, जिच्यात संघ क्रमाने खेळाडू निवडतात.) मला ते सूत्र अर्धवट वाटते. २०१२ च्या पहिल्या क्रमांकावर त्यांनी कार्लोस कोरेआ घेतला हे खरे, पण २०१३ च्या पहिल्या क्रमांकावरचा मार्क अॅपेल ह्यूस्टनकडून मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही. संघाचा कणा असलेला होसे अल्टुवे तर या सगळ्या पराभवांच्या आधी, २००७ साली, व्हेनेझुएलातून अवघ्या काही हजार डॉलरमध्ये घेतलेला होता. आणि शेवटची वीट म्हणून त्यांनी ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस जस्टिन व्हर्लँडर आणला. याच २०१७ च्या संघाने कॅमेऱ्याच्या मदतीने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचे पुढे सिद्ध झाले, हा डाग वेगळाच.

लीगनेही मुद्दाम हरण्याच्या वृत्तीला आळा घालण्यासाठी २०२२ च्या करारात सोडत आणली. पूर्वी सर्वांत खालच्या संघाला ड्राफ्टचा पहिला क्रमांक आपोआप मिळत असे. आता प्लेऑफ न खेळलेल्या १८ संघांमध्ये पहिल्या सहा क्रमांकांसाठी चिठ्ठ्या निघतात आणि एकच संघ वर्षानुवर्षे सोडतीत राहू नये, असेही नियम आहेत. त्याचा फटका आपल्याच संघाला बसला. १२१ सामने हरूनही, आदल्या वर्षी सोडतीतला क्रमांक घेतलेला असल्यामुळे, व्हाइट सॉक्सला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिले नव्हे तर दहावे स्थान मिळाले. तेव्हा ‘हरलो तरी फायदाच आहे’ असे चिरंजीव म्हणाले, तर हे त्यांना जरूर ऐकवा.

प्रश्न : आपले सदर मी नेमाने वाचतो. आमची चिकोडी भागात उसाची शेती आहे. लागणीनंतर खोडवा, फार तर निडवा घ्यायचा आणि टनेज उतरले की मोह न धरता नांगर घालायचा, ही आमच्या वडिलांची शिस्त. जो शेतकरी ‘अजून एक वर्ष बघू’ म्हणून चौथा-पाचवा खोडवा राखतो, त्याच्या हाती शेवटी पाचटच लागते. मग लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाने शोहेई ओतानीला २०२३ मध्ये वेळीच न देता शेवटपर्यंत धरून ठेवले, तो याच प्रकारचा मोह नव्हता का? आणि नांगर घालायचाच तर तो अर्ध्या रानात का, सगळ्या रानात का नको?
— एक शेतकरी वाचक, चिकोडी

उत्तर : आपला पहिला मुद्दा मला मान्य आहे, दुसरा नाही.

जुलै २०२३ मध्ये ओतानीचा करार संपायला दोन-तीन महिने उरले होते आणि त्याला मागणी घालणाऱ्यांची रांग लागली असती. एंजल्सना प्लेऑफची थोडी आशा होती, म्हणून त्यांनी त्याला ठेवले, इतकेच नव्हे तर व्हाइट सॉक्सकडून लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ या दोन पिचरना आणले, म्हणजे वर गुरुजींना सांगितलेल्या ईटनच्या सौद्यातली तीच दोन नावे, आणि त्यांच्यासाठी एडगर क्वेरो हा आपला होतकरू कॅचर दिला. ऑगस्ट उजाडताच संघ कोसळला, ओतानीच्या कोपराला इजा झाली, आणि महिना संपण्याच्या आत एंजल्सनी जिओलिटो-लोपेझना कोणीही न्यावे म्हणून मोकळे सोडले. हंगाम ७३ विजय आणि ८९ पराभवांवर संपला. डिसेंबरमध्ये ओतानी १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार करून त्याच महानगरातील डॉजर्सकडे गेला आणि एंजल्सच्या पदरी भरपाई म्हणून ड्राफ्टमधली एक जागा पडली. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांनी उभा ऊस वाळवला आणि वर पाण्याचे बिलही भरले. तरीही एंजल्सच्या बाजूने एक गोष्ट म्हणावी लागेल. ओतानी हा पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा, शतकातून एखादाच निपजणारा खेळाडू आहे. ज्या बापाने आपल्या मुलाला त्याला पाहण्यासाठी मैदानावर नेले, त्याला ‘आम्ही चार अनोळखी पोरे आणली आहेत’ हे सांगणे सोपे नसते.

मात्र सगळ्या रानात एकदम नांगर घालण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि याचे कारण बेण्यात आहे. आपण को ८६०३२ या उसाच्या जातीचे बेणे आणता तेव्हा त्याचा उतारा, त्याची साखर, त्याला लागणारे महिने यांचा अंदाज तुमच्या हाती असतो. आडसाली लागण केली तर सोळा-अठरा महिने उत्पन्न नाही, हेही ठाऊक असते आणि तेवढ्या काळाची तजवीज आपण करून ठेवता. बेसबॉलमध्ये अठरा-वीस वर्षांचे जे बेणे येते, त्यातले कोणते उगवेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. मोंकाडाबद्दल सगळ्या जाणत्यांचे एकमत होते. त्याने २०१९ चा एक हंगाम झकास खेळला आणि पुढे तो साधारणच राहिला. दुसरीकडे पोरे चांगली निघाली तरी संघ वर येतोच असे नाही. वॉशिंग्टनने हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलर देऊ केले, त्याने ते नाकारले, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला सॅन डिएगोला देऊन सी. जे. अॅब्रम्स, मॅकेंझी गोर आणि जेम्स वुड यांच्यासह अनेक खेळाडू घेतले. हे तिघेही पुढे ऑल-स्टार झाले, म्हणजे हंगामातील निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. बेणे इतके उत्तम निघाल्याची उदाहरणे फारशी नाहीत. तरीही २०२५ साली तो संघ ९६ सामने हरला, कारण उरलेल्या रानात काही पिकलेच नव्हते. (सोटोने पुढे मेट्सकडून ७६ कोटी ५० लाख डॉलर घेतले, त्यामुळे त्याचा नकार शहाणपणाचा होता हे मान्य करावे लागते.)

मला पटते ती कॅन्सस सिटी रॉयल्सची चाल. १९८५ नंतर त्यांनी प्लेऑफ पाहिलेला नव्हता. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी झॅक ग्रिंकी मिलवॉकीला दिला आणि चार खेळाडू घेतले. त्यांतला लोरेन्झो केन आणि आल्सिडीस एस्कोबार मैदानात उतरले. तिसरा, जेक ओडोरिझी, त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. दोन वर्षांनी आपला संघ जवळ आला आहे हे ओळखून त्याला आणि आणखी काहींना टॅम्पाकडे देऊन जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस यांना आणले. होय, व्हाइट सॉक्सला बुडवणारा शील्ड्स तोच. २०१२ च्या डिसेंबरमध्ये तो योग्य माणूस होता, २०१६ च्या जूनमध्ये नव्हता. रॉयल्स २०१४ साली अंतिम मालिका हरले आणि २०१५ साली ती जिंकले, तेव्हा शेवटचा बळी वेड डेव्हिसने घेतला होता. त्यांनी एक तुकडा नांगरला आणि बाकीचा राखला, आणि त्या तुकड्यातले थोडे बेणेही योग्य वेळी विकून टाकले.

आणखी एक फरक सांगितला पाहिजे, कारण आपल्याकडील बहुतेकांची नजर आयपीएलला सरावलेली आहे. तिथे दर तीन वर्षांनी मोठा लिलाव होऊन जवळजवळ सगळेच रान सगळ्यांसाठी एकदम नांगरले जाते, त्यामुळे पाच वर्षांची धीराची योजना आखण्याला तिथे फारसा वाव राहत नाही. बेसबॉलमध्ये तसा मोठा लिलाव नाही. आणि युरोपातील फुटबॉलप्रमाणे तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकललाही जात नाही. हरणाऱ्या संघाला हरत राहण्याची मुभा आहे, म्हणूनच ही पुनर्बांधणीची चैन त्याला परवडते.

प्रश्न : मी टिळकवाडीत राहते आणि महाविद्यालयाच्या सॉफ्टबॉल संघातून खेळते. या सगळ्या देवाणघेवाणीत खेळाडूला कोणी विचारते का? रातोरात घर, शाळा, गाव सोडून जायला त्याने नकार दिला तर काय होते?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : प्रश्न नेमका आहे, आणि उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘नाही, विचारत नाहीत’ असेच आहे. सेंट लुइस कार्डिनल्सचा कर्ट फ्लड हा मैदानाच्या मधोमध उभा राहून उत्तम झेल घेणारा खेळाडू. बारा हंगाम खेळल्यावर १९६९ साली त्याला न विचारता फिलाडेल्फियाला दिले गेले. त्याने जायला नकार दिला, आपण कोणाची मालमत्ता नाही असे लीगच्या कमिशनरना लेखी कळवले आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी तो हरला; त्याची कारकीर्दही या झगड्यातच संपली. पण त्याच्या लढ्याने वातावरण बदलले. सहा वर्षांनंतर मोकळे होण्याची जी पद्धत मी वर सांगितली, तिचा मार्ग १९७५ च्या अखेरीस लवादाने पिचर अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निकाल दिल्यावर खुला झाला.

त्याआधी, १९७३ पासून, दहा-आणि-पाच असा एक नियम लागू आहे. मेजर लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यांतील शेवटची पाच सलग एकाच संघात घालवलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे देता येत नाही. याखेरीज काही बडे खेळाडू करारातच नकाराचा हक्क लिहून घेतात. एंजल्सच्या माइक ट्राउटला कोणी उद्या विकू म्हटले, तरी शेवटचा शब्द त्याचाच असेल. त्यामुळे पुनर्बांधणीच्या गप्पा मारणाऱ्यांनी ‘अमुक विकून टाका’ म्हणण्याआधी तो अमुक जायला तयार आहे का, एवढे तरी पाहावे. तरुण खेळाडूच्या हाती मात्र असे काही नाही. जुलै महिना संपत आला, म्हणजे अदलाबदलीची मुदत जवळ आली, की त्याच्या घरात सामान अर्धे बांधलेले आणि अर्धे उघडे राहते.

या हक्काचा पहिल्यांदा वापर केला तो शिकागो कब्जच्या रॉन सँटोने, डिसेंबर १९७३ मध्ये. त्याला एंजल्सकडे पाठवायचे ठरले होते. त्याने शिकागो सोडायला नकार दिला आणि तो सौदा मोडला. मग कब्जनी त्याच शहरातला दुसरा गिऱ्हाईक शोधला आणि सँटो एक हंगाम व्हाइट सॉक्सकडून खेळून निवृत्त झाला.